उद्या पाणी, आज घासणी: सोलापूरच्या पूर्व भागातलं डेंग्यूचं एक प्रकरण

सोलापूरला पाणी उजनीचं. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं, त्याची एकूण साठवण 117 टीएमसीच्या घरात, आणि तिथून शहरापर्यंत शंभरेक किलोमीटरची जलवाहिनी. धरण भरलं म्हणून नळ रोज सुटत नाही, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं भरलेलं हे शहर वर्षानुवर्षं पाण्याच्या पाळीवर जगतं. कुठे तीन दिवसांआड, कुठे चार. जलवाहिनी फुटली किंवा उपशाची वीज गेली की आणखी एक-दोन दिवस पुढे. साखरपुड्याची तारीख धरताना 'त्या दिवशी पाणी आहे का' असं विचारणारी घरं इथे आहेत, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

डेंग्यूचं प्रकरण पाण्यापासून सुरू करण्याचं कारण पुढे कळेलच. ज्या गल्लीबद्दल लिहितो आहे तिचं नाव देत नाही. खरं तर पूर्व भागात जे ठिकठिकाणी दिसतं ते एकत्र करून ही गल्ली उभी केली आहे, स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात तिच्यावर बोलता यावं म्हणून. माणसंही त्यामुळे नावाने नाहीत, नात्याने आणि कामाने आहेत.

गल्ली

यंत्रमागाची आणि विडीची गल्ली. पुरुष मागावर, बाया विडीवर. बहुतेक घरांत तेलुगू, टोकाच्या काही घरांत कन्नड, मागच्या बोळात मुस्लिम कुटुंबं. बाजारात आणि शाळेत सगळ्यांची मराठी. दाराशी निळे प्लास्टिकचे बॅरल, दोनशे लिटरचे, आतून बुळबुळीत झालेले. मोरीत सिमेंटची टाकी. जुन्या घरांत जमिनीतला हौद, त्यावर झाकण म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा. शिवाय कळश्या, हंडे, विडीचा पत्ता, म्हणजे तेंदूची पानं, भिजवायची बादली, आणि लोखंडी कूलर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कूलर घरातला सगळ्यात लाडका. पाऊस सुरू झाला की तोच कूलर जिन्याखाली जातो, तळाशी बोटभर पाणी तसंच ठेवून.

पाणी येतं तेव्हा ते दीड-दोन तास असतं, आणि वेळ पहाटेचीही असू शकते. त्या दोन तासांत पुढच्या चार-पाच दिवसांचं भरायचं. भरताना रिकामं भांडं दिसलं की बाईच्या जिवाला घोर लागतो. जुन्या पाण्यावरच नवं पाणी ओतलं जातं, कारण बॅरल रिकामं करून घासत बसायला नळ थांबत नाही. म्हणजे बॅरलच्या तळाचं पाणी कधी बदलतच नाही. महिनोन्‌महिने.

एडिस इजिप्ती या डासाला नेमकं हेच हवं असतं. गटारीच्या घाण पाण्यात वाढणारा डास वेगळा. याला घरातलं, साठवलेलं, दिसायला स्वच्छ पाणी लागतं. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास: गरम हवेत हे सगळं सात ते दहा दिवसांत उरकतं. भांडं सुकलं तरी अंडी मरत नाहीत. भिंतीला चिकटून ती महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देण्याला फारसा अर्थ नाही, भिंत घासावी लागते. हा डास लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे गल्लीत डेंग्यू आला तर डास बहुधा गल्लीतलाच.

आणि तो दिवसा चावतो. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि मावळतीच्या आधीचे काही तास त्याचे खास. डेंग्यूच्या भित्तिपत्रकावर मच्छरदाणी लावून रात्री झोपलेलं कुटुंब काढतात तेव्हा मला नेहमी प्रश्न पडतो की चित्रकाराला हे कुणी सांगितलं नसेल का. या गल्लीत तर रात्रपाळी करून आलेला मागवाला सकाळी आठला आडवा होतो, उघड्या अंगाने, पंख्याखाली, दार उघडं टाकून. डासाच्या जेवणाच्या वेळेला ताट वाढून ठेवल्यासारखं.

ताप

जूनच्या शेवटी गल्लीत ताप सुरू झाला. आधी दोन घरं, मग त्यांच्या समोरचं, मग मागच्या बोळात. आठवीतली एक मुलगी तापाच्या तिसऱ्या दिवशी जवळच्या खासगी दवाखान्यात गेली. तिथे कार्डवरची चाचणी झाली, डेंग्यू निघाला, आणि घरात एकच शब्द घुमू लागला: पेशी, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट. पेशी किती? पेशी उतरल्या का? कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी किवी आणलं. एक किवी म्हणजे विड्यांच्या किती कट्ट्यांची मजुरी, याचा हिशेब मनातल्या मनात करत मुलीच्या आईने तो आणला.

पाचव्या दिवशी ताप उतरला. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मुलीच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, ती सुस्त पडून राहू लागली. गल्लीच्या आशाताईने, म्हणजे सरकारी आरोग्य अभियानातल्या वस्तीवरच्या सेविकेने, तिला पाहिलं आणि रिक्षा बोलावून सरळ सिव्हिलला नेलं. डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतला द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब ढासळतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती, लघवी कमी होणं: यातलं काहीही दिसलं की घरी थांबायचं नसतं. डेंग्यूवर विषाणू मारणारं औषध नाही, जीव वाचतो तो वेळेवर आणि मोजून दिलेल्या द्रवाने. पेशींचा आकडा त्या मानाने दुय्यम. रक्तस्राव नसेल तर आकडा 10 हजारांच्या खाली गेल्याशिवाय पेशी चढवण्याची घाई करू नये, असं राष्ट्रीय उपचार मार्गदर्शन सांगतं. मुलगी चार दिवसांनी घरी आली.

या एका घटनेने गल्लीला जेवढं शिकवलं तेवढं वर्षभराच्या पत्रकांनी शिकवलं नव्हतं. पण शिकवणीचा पहिला निष्कर्ष मात्र सगळ्यांनी तोच काढला जो नेहमी निघतो: धूर मारा.

धूर

धुराची मागणी समजण्यासारखी आहे. धूर दिसतो, त्याचा आवाज होतो, मागे पोरं पळतात, काहीतरी झालं असं वाटतं. ज्याने गाडी आणली त्याचं नावही होतं. पण धुराने फक्त उडता डास मरतो, तोही धूर त्याच्यापर्यंत पोहोचला तर. हा डास घरात राहतो. कपाटामागे, खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांत. धुराची गाडी गल्लीत शिरली की बाया खिडक्या-दारं लावून घेतात, कारण शेगडीवर वरण असतं आणि घरात तान्हं असतं. बॅरलमधली अळी धुराला दाद देत नाही. आठवड्याभरात नवे डास तयार. रुग्ण सापडलेल्या घराच्या आसपास, घराच्या आत फवारणी केली तर उपयोग होतो. नुसत्या रस्त्यावरच्या धुराचा उपयोग मुख्यतः मनाला.

गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या पोरांनी धूर मागितला, तो आला, आणि दहा दिवसांत आणखी दोन घरांत ताप निघाला. तेव्हा आशाताई मंडळाच्या लेझीमच्या सरावाला जाऊन उभी राहिली. सोलापूरचं लेझीम ज्यांना माहीत आहे त्यांना हेही माहीत असतं की पावसाळ्यात संध्याकाळी गल्लीतली चाळीस-पन्नास तरणी पोरं एका जागी, एका वेळी, रोज सापडण्याचं तेवढं एकच ठिकाण. सार्वजनिक आरोग्याची पुस्तकं ज्याला मनुष्यबळ म्हणतात ते इथे आयतं घाम गाळत असतं. आशाताई म्हणाली, "ढोल एक तास नंतर. आधी मला घरं दाखवा."

रविवार

पहिली मोहीम शास्त्रानुसार झाली. सरकारी सल्ला सरळ आहे: आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून, वाळवून ठेवा. मंडळाने रविवार धरला. टीशर्ट छापले, दोघा-दोघांच्या जोड्या केल्या, टॉर्च दिले आणि निघाले.

तो रविवार नेमका पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आला.

पहाटे चारला उठून भरलेले बॅरल ओतून द्या म्हणणाऱ्या पोरांना बायांनी काय ऐकवलं असेल ते वाचकांनी समजून घ्यावं. छापण्याजोगं एवढंच: "का बे, उद्या पाणी तुझा बाप आणून देणार काय?" दोन-तीन घरांत पोरांनी उत्साहाने आपणच बॅरल आडवं केलं आणि भांडण लागलं. एका घरात अळ्या सापडल्यावर एकाने मोबाइलवर फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला, घर ओळखू येईल असा. त्या घरातल्या सासूने पुढे महिनाभर कुणालाच मोरीत येऊ दिलं नाही.

ज्यांनी पाणी ओतलं नाही त्यांच्याकडे अबेट टाकायचं ठरलं. अबेट म्हणजे टेमेफॉस, अळ्या मारणारं औषध; पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नसतं, आणि त्या मर्यादेत ते साठवणीच्या पाण्यात टाकायला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. पण त्याला वास येतो. वास येणारं औषध प्यायच्या पाण्यात टाकायला आई का तयार होईल? थोड्या बायांनी समोर टाकू दिलं आणि पोरं गेल्यावर वरचं पाणी काढून फेकलं, म्हणजे औषधही गेलं आणि पाणीही.

दुसऱ्या रविवारी जोड्या निम्म्या झाल्या. तिसऱ्या रविवारी कुणी आलं नाही.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण अशा मोहिमा बसल्या की अहवालात 'लोकांमध्ये जागरूकतेचा अभाव' असं लिहायची पद्धत आहे. या गल्लीत जागरूकतेचा अभाव नव्हता. डास कुठे होतो हे बायांना पोरांपेक्षा आधी कळलं होतं. त्यांना जे सांगितलं जात होतं ते त्यांच्या नळाच्या वेळापत्रकात बसत नव्हतं, एवढंच. रोज पाणी येणाऱ्या शहरासाठी केलेला सल्ला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत नेऊन ठेवला की त्या सल्ल्याचा अर्थच बदलतो. तिथे तो सवय सांगतो, इथे त्याग मागतो.

अक्का

तोड काढली ती विडी वळणाऱ्या एका अक्कांनी. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते, तिला वर्षाला 5 हजार रुपयांचा मुक्त निधी मिळतो. अक्का गल्लीतल्या समितीच्या सदस्य. समितीच्या बैठकीत हातातली सूप-कात्री न थांबवता त्या म्हणाल्या त्याचा मतलब असा: बॅरल रिकामं असतं तो दिवस तुम्ही सोडून देता आणि भरलेलं असतं त्या दिवशी येता. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी या. तेव्हा तळाला बादलीभर उरलेलं असतं. ते आम्ही मोरीला, संडासाला वापरू. घासायला पोरं द्या, मला ते बॅरल आडवं होत नाही.

हे इतकं साधं होतं की आशाताई आधी हसली.

पण हिशेब पक्का बसतो. पाळी चार-पाच दिवसांची आणि डासाचं चक्र सात ते दहा दिवसांचं. प्रत्येक पाळीच्या आदल्या दिवशी भांडं घासलं तर अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही. एखादी पाळी चुकली की मात्र मधलं अंतर आठ-दहा दिवसांवर जातं आणि डास निसटू शकतो. म्हणजे आठवड्याचा कोरडा दिवस वारावरून काढून पाण्याच्या पाळीला बांधायचा. बाईला एक थेंब फुकट घालवावा लागत नाही, उलट नवं पाणी स्वच्छ भांड्यात पडतं, आणि हे तिला डेंग्यूपेक्षा जास्त पटतं. शेवाळ गेलेल्या बॅरलमधलं पाणी चहाला गोड लागतं, असं एकीने सांगितलं. मोहीम टिकली त्यात या चहाचा वाटा किती, हे कुठल्याही निर्देशांकात येत नाही.

अडचण एकच: पाळी पक्की कधी? ते फक्त चावीवाल्याला माहीत. व्हॉल्व्ह सोडणारा हा माणूस गल्लीच्या दृष्टीने अधिकाऱ्यापेक्षा मोठा. मंडळाच्या एका पोराने त्याच्याशी दोस्ती केली. चावीवाला आदल्या दुपारी फोन करायचा, पोरगं संध्याकाळी लेझीमच्या हलगीवर गल्लीतून फेरी मारायचं: "उद्या पाणी, आज घासणी!" आधी लोक हसले. मग हलगी वाजली की बाया काथ्या आणि ब्लीचिंग पावडर घेऊन दाराशी यायला लागल्या. मोठं माणूस घरात एकटं असेल, बाळंतीण असेल, तिथे पोरं जाऊन बॅरल आडवं करून द्यायची, आत हात घालून पाण्याच्या रेषेवरची भिंत घासायची. घासलेलं पाणी गटारीत नाही, मातीवर टाकायचं, हा आशाताईचा आग्रह. एका घराला सात-आठ मिनिटं. या मोहिमेतली खरी स्वयंसेवा एवढीच होती, दंडातली ताकद आणि सात-आठ मिनिटं. टीशर्ट पुन्हा कुणी घातले नाहीत.

घरांत शिरण्याचा नियमही बदलला. मोरीपर्यंत पोराबरोबर समितीची एक बाई असल्याशिवाय जायचं नाही. अळ्या दिसल्या तर फोटो नाही, बोंब नाही. घरातल्या बाईला पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन टॉर्चखाली वळवळ दाखवायची आणि तिलाच ओतायला सांगायचं. तेलुगू घरात तेलुगूतून, मागच्या बोळात तिथल्याच एका भाभींनी. आपल्या पोराच्या अंगावर जे उडणार आहे ते आधी वाटीत पाहिलेली बाई दुसऱ्यांदा सांगायला लावत नाही.

जमिनीतले हौद घासता येत नाहीत, तिथे गप्पी मासे सोडले. गप्पी अळ्या खातात आणि झपाट्याने वाढतात, फक्त हौदात ब्लीचिंगचा हात सैल सुटू द्यायचा नाही, नाहीतर मासेच मरतात. हौद नि टाक्यांच्या तोंडाला जाळीचं कापड, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून. भंगारवाल्याच्या टायरांना बुडाला भोकं पाडली. जिन्याखालचे कूलर बाहेर काढून पुसले. तापाचा माणूस असलेल्या घरी दिवसा मच्छरदाणी, कारण तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्याला चावलेला डास आठ ते बारा दिवसांनी दुसऱ्यांना आजार देऊ लागतो. रात्रपाळीवाल्यांना दिवसा मच्छरदाणीत झोपवणं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. "गुदमरतंय" म्हणतात, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात पत्र्याखाली ज्याने दुपार काढली आहे तो त्यांना दोष देणार नाही.

आशाताईने पोरांना तापाबद्दल तीन गोष्टी पाठ करून दिल्या. तापाला पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पहिल्या पाच दिवसांत रक्तातला विषाणूचा अंश शोधणारी एनएस1 ची चाचणी, नंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. कार्डवरच्या झटपट चाचणीवर विसंबू नका, सरकारी रुग्णालयात एलायझा ही प्रयोगशाळेतली खात्रीची चाचणी होते. आणि ताप उतरला तो दिवस सांभाळा.

जिथे गाडं अडलं

ऑगस्टात, नारळी पौर्णिमेला इथल्या विणकरांचं दैवत असलेल्या मार्कंडेयाचा रथोत्सव असतो, पूर्व भागात घरोघरी साफसफाई होते, आणि तेव्हा मोहीम आपसूक चालली. गणपतीत तर चढाओढ लागली. एका होतकरू कार्यकर्त्याने फलक लावायचा प्रस्ताव आणला, आपला फोटो, खाली 'डेंग्यूमुक्त प्रभाग'. मंडळ तयार होतं, बायांनी मोडता घातला. फलक लागला की पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या पक्षाच्या बाया दार उघडणार नाहीत, हे अक्कांना नीट कळत होतं. फलक लागला नाही. कार्यकर्ता रुसला आणि त्याच्याबरोबर चार पोरं गेली.

विसर्जनानंतर उरलेलीही पांगली. लेझीम थांबलं, हलगी माळ्यावर गेली. आणि डेंग्यूचा जोर पावसाच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरातच असतो. उत्सवाला बांधलेली स्वयंसेवा उत्सवाबरोबर विसर्जित होते हा अनुभव फक्त या गल्लीचा नाही. इथे ती पूर्ण बुडाली नाही, कारण फोन तोवर पोराकडून अक्कांकडे आला होता. चावीवाला थेट अक्कांना कळवायचा, अक्का भिंतीपलीकडे ओरडून सांगायच्या. बॅरल आडवं करायला पोरं नसली तर दोघी-तिघी मिळून करायच्या. यात त्यांचा विडीचा तास जायचा. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते. तास गेला की आकडा भरत नाही. स्वयंसेवेचं कौतुक करताना हा खर्च कुणी मांडत नाही. आशाताईला निदान कामावर आधारित मोबदला आहे, तोही किती अपुरा आहे यावर राज्यभर संप झाले. अक्कांना तोही नाही.

सगळ्यात मोठा फटका ऑक्टोबरात बसला. जलवाहिनीत बिघाड झाला, पाळी पाचव्या दिवसावरून आठव्यावर गेली. ज्या घरात दोन बॅरल होते तिथे तिसरा आला, शेजारच्याकडून उसनं पाणी, हंडे-कळश्या, अगदी पिशव्यासुद्धा भरल्या. कुणीही एक भांडं रिकामं करेना. अख्खी पद्धत 'पाणी उद्या येणार' या भरवशावर उभी होती आणि भरवसाच गेला. समितीच्या बाया तेव्हा टॉर्च घेऊन फक्त झाकणं आणि जाळ्या बघत फिरल्या, ओता म्हणून कुणाला म्हणाल्या नाहीत. माझ्या मते त्या आठवड्यातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं काम. जे मागितल्यावर नाहीच मिळणार ते न मागण्याने पुढचे दरवाजे उघडे राहतात.

बंद घरांचा प्रश्न तर तसाच. कामासाठी पुण्याला, भिवंडीला गेलेल्या कुटुंबांच्या गच्चीवर टाक्या उघड्या, आणि किल्ली कुणाकडे नाही.

काय मोजायचं

अशा कामाचं यश रुग्णसंख्येवर मोजायचा मोह होतो. तो आवरावा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. कुठल्या वर्षी कुठला फिरतो, त्याची लागण आधी किती जणांना झाली आहे, पाऊस कसा पडला, यावर आकडा वर्षागणिक वरखाली होतो. एका गल्लीत ताप थांबला तर तो घासणीमुळे की संपण्याचीच वेळ आली होती म्हणून, हे त्या गल्लीकडे बघून ठरवता येत नाही. मोजता येतं ते अळ्यांचं. शंभर घरं पाहिली आणि दहा घरांत अळ्या मिळाल्या तर घर निर्देशांक 10. पाण्याची शंभर भांडी पाहिली आणि पाचात मिळाल्या तर भांडी निर्देशांक 5. शंभर घरांमागे अळ्या असलेली एकूण भांडी किती, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. हे कुणालाही वही-पेन्सिलीने मोजता येतं, आणि शाळेतल्या मुलांना तर फार आवडतं. गल्लीत अक्कांच्या नातीने ती वही ठेवली.

मग लोकसहभागाने डेंग्यू खरोखर कमी होतो का? याचं उत्तर मोठ्या प्रमाणावर शोधलं गेलं आहे. निकाराग्वा आणि मेक्सिकोत 'कामिनो वेर्दे' नावाची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकून वस्त्या निवडल्या, निम्म्या वस्त्यांत लोकांनी स्वतः ठरवलेल्या उपायांवर, कीटकनाशकाशिवाय काम झालं, आणि मुलांमधली डेंग्यूची लागण सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळली. त्यातली मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तीने उपाय वेगळा काढला होता. वरून आलेला एकच कार्यक्रम सगळीकडे राबवला नव्हता. तीस टक्के हा आकडा लहान नाही, पण तो शंभरही नाही. उरलेलं काम नळाला रोज पाणी येण्याचं आहे आणि ते कुठलंही मंडळ करू शकत नाही. गल्लीने घासावं आणि शहराने पाळी पाळावी, हा सौदा एकतर्फी झाला की स्वयंसेवा म्हणजे फुकटची नोकरी होते.

सोलापूरला श्रमदानाचं वावडं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातांनी तळं उभं केलं अशी इथली परंपरा सांगते, आणि ते तळं आजही शहराच्या मधोमध आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. 1938 साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक, आणि 1942 साली तिथेच वारले. शहराने त्यांचं स्मारक केलं, ते योग्यच. पण दर पाचव्या दिवशी तोच बॅरल आडवा करायचा, तीच भिंत घासायची, आणि काही झालं नाही हेच यश मानायचं, या प्रकारच्या सेवेचं स्मारक होत नसतं. तिला वर्षभर चालवायला काहीतरी दुसरं लागतं. या गल्लीत ते पाण्याच्या पाळीने पुरवलं.

पुढच्या वर्षासाठी बायांनी मंडळाला अटी घातल्या आहेत. जूनमध्ये कूलर जिन्याखाली जाण्याआधी पोरांनी ते घासून कोरडे करून द्यायचे. हलगी विसर्जनानंतरही दिवाळीपर्यंत खाली राहील. बंद घराची एक किल्ली समितीकडे, यावर मालक अजून तयार नाहीत, फोनवर फोन चालू आहेत. आणि हौदांच्या जाळीचं कापड वर्गणीतून. या शेवटच्या अटीवर मंडळाच्या दोन बैठका काही न ठरता उठल्या, कारण त्याच पैशांत एक नवा ढोल येत होता. तिसऱ्या बैठकीला अक्का टिळक चौकातून कापडाचा भाव घेऊन आल्या आणि मोजमापाची यादी नातीच्या वहीतून वाचून दाखवली. ढोल पुढच्या वर्षावर गेला.